लाल बैल डोंगरकड्याला गेले

लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा सासरचं घर पाहण्याआधी गावचा कोंडवाडा पाहिला. वरात वेशीतून आत येत होती आणि माझे सासरे ती तशीच सोडून चावडीमागं धावले. आमची चार मेंढरं कुणाच्या तरी बांधावर तोंड घालताना सापडली होती. लग्नाचा दिवस म्हणून त्यांना कोणी सोडून दिलं नव्हतं. सासऱ्यांनी अंगावर हळदीचे डाग असतानाच दंड भरला आणि मेंढरं सोडवून आणली. म्हणजे घरात पहिलं पाऊल माझं पडलं की मेंढरांचं, ते नक्की सांगता येत नाही.

आम्ही धनगर. थोडी शेती, बाकी मेंढरं. हातात काठी असली तरी मेंढरू हे मेंढरूच, हिरवं दिसलं की वाकडं जाणारच. गेलं की दंड. त्याबद्दल आमच्या घरात कोणाची तक्रार नव्हती. सासरे म्हणत, "दुसऱ्याचं खाल्लं तर भरावं लागतंच की. ते बराबर हाय." कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती, वर मोकळं आभाळ आणि एक लाकडी फाटक. त्या फाटकावर एक म्हातारा रखवालदार असे. दंड भरला की तो फाटक उघडी आणि आमच्या मेंढरांना नावानं हाका मारी, इतकी त्यांची ओळख झालेली.

तक्रार होती ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या फाटकातून आमची मेंढरं जात, कुंभाराची गाढवं जात, बांधाशेजारच्या विधवा बाईची एकुलती एक शेळी जात. धाकल्या पाटलाचे लाल बैल मात्र कधी गेले नाहीत.

गावचे पोलीसपाटील म्हणजे मोठे पाटील. शांत, थोडे भिडस्त. धाकले पाटील त्यांचे पाठचे भाऊ. दिसायला देखणे, पांढरा फेटा, बोलणं हसत हसत. त्यांच्याकडं लाल कंधारी बैलांची जोडी होती. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ती जोडी जिंकून यायची तेव्हा सगळं गाव बघायला लोटायचं, मीही लोटले होते. त्यांच्या अंगावरून हात फिरवला तर घसरून जाईल असं तेज. घरी कडब्याची गंज चांगली दोन माणसं उंच. तरी ज्वारी हुरड्यात आली की धाकले पाटील भर दुपारी बैलांची दावी स्वतःच्या हातानं सोडत आणि म्हणत, "जा रे लेकराहो, जेवून या."

मग बाभळीखाली तंबाखू मळत बसत. बैल वाटेल त्याच्या रानात जात नसत. जे तोंड उघडणार नाहीत त्यांच्याच रानात जात, म्हणजे त्यांना तिकडंच वळवलेलं असे. आमच्या, विधवा बाईच्या, ओढ्यापलीकडच्या दोन-तीन गरीब घरांच्या. बैल कणसं मोडत, खाण्यापेक्षा तुडवत जास्त. आम्ही बांधावर उभे राहून बघत असू आणि धाकले पाटील आम्हाला बघत असत. ती ज्वारी त्यांना नकोच होती. आम्ही गप्प उभे आहोत, हे बघायचं होतं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

सासऱ्यांनी काही केलं नाही असं नाही. ते आधी चावडीवर गेले. मोठे पाटील खाली मान घालून म्हणाले, "मी बोलतो त्याला." ते बोलले असतील, पण दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा रानात. मग सासऱ्यांनी कळमनुरीला तहसिलीत दरखास्त दिली. निजामी अंमल होता, कागद उर्दूत. लिहिणाऱ्यानं काय लिहिलं ते आम्हाला वाचता येत नव्हतं, तरी सासऱ्यांनी तो कागद कपाळाला लावून दिला. पुढं एक शिपाई चौकशीला आला. धाकल्या पाटलाच्या ओसरीवर जेवला, झोपला आणि आमच्या रानाकडं न फिरकताच गेला.

त्याच आठवड्यात धाकल्या पाटलांनी सासऱ्यांना भर रस्त्यात अडवलं. "काय रे, दरखास्त दिली म्हणं? माझ्या बैलांना कागद आवडत न्हाई. म्हणून ज्वारीत सोडून राहिलो."

आजूबाजूचे हसले. हसले नसते तर त्यांच्या रानात बैल आले असते. सासरे घरी येऊन घोंगडीवर आडवे झाले, जेवले नाहीत.

त्या हिवाळ्यात एक दिवस आमच्या दोन मेंढ्या धाकल्या पाटलाच्या हरभऱ्यात शिरल्या. नुकत्याच व्यालेल्या होत्या. पाटलाच्या गड्यानं लगेच त्या कोंडवाड्यात नेल्या, कोकरं बाहेरच राहिली. मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, कोकरं काखेत घेऊन फाटकाशी गेलो. आत मेंढ्या ओरडत होत्या, बाहेर कोकरं. तेवढ्यात विधवा बाई पळत आली. तिच्या ज्वारीत त्याच घडीला लाल बैल होते.

आत्याबाई रखवालदाराला म्हणाल्या, "दादा, या फाटकाला मेंढरंच तेवढी ओळखू येतात व्हय? बैल दिसत न्हाईत?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, माझ्या पोटावर पाय नका देऊ. ते बैल आत घेतले तर उद्या मी या गावात ऱ्हाईन का?"

त्यानं कोकरं मात्र आत सोडू दिली, नियमात नसताना. ती लुचायला लागली तेव्हा आम्ही तिघी भिंतीला टेकून बसलो. मग आत्याबाई एकदम म्हणाल्या, "डोंगरकड्याला बी कोंडवाडा हाय."

विधवा बाई म्हणाली, "मग?"

"मग काय? मेंढरं घेऊन फिरताना आपली दोनदा कोंडली होती तिथं. तिथला रखवालदार तालुक्याच्या गावचा हाय, आडदांड. त्याला आपला धाकला पाटील कोण, काय ठाऊक?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मेंढरांच्या मागं आयुष्य काढलेली ही बाई, तिला त्या टापूतला प्रत्येक कोंडवाडा ठाऊक. प्रत्येक ठिकाणी तिनं दंड भरलेला. ती सगळी शिक्षा त्या दुपारी आमच्या कामाला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैल आमच्याच रानात आले. आम्ही तिघी वाटच बघत होतो. पटाचे बैल ते, लाडाचे, माणसाच्या हातून खायची सवय. मी कोवळी कणसं पुढं धरली, तसे ते वासरासारखे जवळ आले. तेवढ्यात मी एकाच्या वेसणीला कासरा बांधला. विधवा बाईनं दुसऱ्याला बांधलं. आत्याबाई पुढं झाल्या आणि आम्ही रानाबाहेर निघालो.

धाकले पाटील बाभळीखालीच होते. आम्हाला बघून उठलेसुद्धा नाहीत. खो खो हसले. "न्या, न्या! कोंडवाड्यात न्या! त्या म्हाताऱ्याला माझा रामराम सांगा!"

त्यांना खात्री होती की म्हातारा फाटक उघडणार नाही आणि आम्ही तोंड पाडून परत येऊ. म्हणून ते मागं आले नाहीत, घरी जेवायला गेले. आम्ही गावाच्या दिशेनं चाललो. वाटेला फाटा लागला. डावीकडं गाव, उजवीकडं डोंगरकडा. आत्याबाईंनी मागं वळून एकदा पाहिलं, पदर खोचला आणि त्या उजवीकडं वळल्या.

त्या रस्त्याची आठवण आली की अजून अंगात जोर येतो. दोन कोसांची वाट. पहिल्या रानातली बाई कापूस वेचत होती. ती ओरडली, "अगं, हे तर पाटलाचे बैल! कुठं घेऊन चालल्या?"

"डोंगरकड्याच्या कोंडवाड्यात!"

ती तिथंच उभी राहिली. मग कमरेच्या ओट्यातला कापूस तिनं चादरीवर ओतला आणि बांध ओलांडून आमच्यात आली. तिच्याही रानात बैल आले होते, दोन वर्षांमागं. पुढं आणखी एक आली, मग तिची जाऊ, मग पाणी भरणाऱ्या दोघी. कोणी फार बोलत नव्हतं, पण पावलं झपाझप पडत होती. एकीनं बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "चल रे बाबा, तुला माझी ज्वारी लई गोड लागली होती ना?" तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं आणि मग ते थांबेना. डोंगरकडा आलं तोवर आमची जणू वरातच झाली होती.

तिथला रखवालदार कमरेवर हात ठेवून उभा. "एवढ्या बाया? बैल कोणाचे?"

आत्याबाई म्हणाल्या, "ज्याचे असतील तो येईल. आमच्या रानात सापडले. उभी ज्वारी खात होते."

"बैल तर जोरदार हायेत."

"ज्वारी बी जोरदार होती."

त्यानं आम्हाला नीट पाहिलं, आत्याबाईंना ओळखलं, हसला. "मेंढरंवाल्या बाई ना तुमी?" आणि फाटक उघडलं. बैल आत गेले. फाटकाची कडी पडली, तो आवाज मी कानात भरून घेतला. त्यानं आम्हा सगळ्यांना हौदाचं पाणी दिलं आणि आम्ही दिवस मावळायच्या आत घरी पोचलो.

संध्याकाळी गावात गोंधळ. धाकले पाटील झोपेतून उठून कोंडवाड्याकडं गेले, बैल घरी आणावेत म्हणून. कोंडवाडा रिकामा. म्हातारा खरं तेच बोलला, "मालक, इकडं आलेच न्हाईत." मग ते ओढ्यानं धावले, माळावर गेले, बैलांना हाका मारत फिरले. त्या हाका आमच्या घरापर्यंत ऐकू येत होत्या. बैलांवर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही. माझ्या मनात थोडं कालवलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "कोकरं ओरडत होती तवा त्यांना काही वाटलं होतं का?" आणि मी पुन्हा भाकरी थापायला लागले.

सकाळी कोणीतरी त्यांना खरं सांगितलं. ते घोड्यावरून डोंगरकड्याला गेले. त्या दिवशी तिथं बाजार. पुढचं आम्हाला बाजारकऱ्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या परीनं मीठ-मसाला लावून. पण एवढं सगळ्यांच्या सांगण्यात एक होतं की ते फाटकाशी ओरडले, "मी कोण हाय ठाऊक हाय का?" आणि रखवालदार म्हणाला, "बैलाचे मालक. दंड भरा. मेंढरंवाले भरतात, तुमी काहून न्हाई?" बाजार गोळा झाला होता. त्यांनी दंड भरला. घोडा एका हातात, बैल दुसऱ्या हातात, असे ते पायी परत आले. गावात शिरले तेव्हा ओट्याओट्यावर माणसं होती. कोणी हसलं नाही. पण कोणी उठूनही उभं राहिलं नाही, आणि असं याआधी कधी झालं नव्हतं.

आम्हाला वाटलं, संपलं. पण त्यांनी कळमनुरीला जाऊन फिर्याद दिली: या बायांनी माझे बैल चोरले. फौजदाराला तेव्हा अमीन म्हणत. अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन चावडीवर आले आणि आम्हाला बोलावणं आलं. माझे कारभारी म्हणाले, "मी सांगतो, मी नेले म्हणून. तुमी घरीच ऱ्हावा." मी म्हटलं, "तुमी तर त्या दिवशी मेंढरांमागं होतात, सगळ्या गावाला ठाऊक हाय. खोटं बोलून काहून अडकायचं? खरंच सांगू."

चावडी गच्च भरलेली. अमीनसाहेब खुर्चीवर, मोठे पाटील बाजूला जमिनीकडं बघत. साहेबांनी विचारलं, "बैल कौन ले गया?"

"आमी नेलं," मी म्हटलं. आवाज फुटला तो माझाच आहे हे मला नंतर कळलं.

"काहे को?"

"ज्वारी खात होते म्हणून. कोंडवाड्यात नेलं."

धाकले पाटील म्हणाले, "साहेब, चोरी हाय ही. गावचा कोंडवाडा सोडून एवढ्या लांब काहून नेलं मग?"

आत्याबाई पदर सावरून पुढं आल्या. "साहेब, चोर जनावर नेतो तो विकायला नेतो. कोंडवाड्यात बांधून मालकाची वाट बघतो व्हय?"

अमीनसाहेबांच्या मिशा हलल्या. शिपाई तर उघड हसला. साहेबांनी ते वाक्य स्वतःशीच एकदा पुटपुटलं आणि मग धाकल्या पाटलांकडं वळले. "बैल खेत में थे?"

"न्हाई."

"गवाह कौन है?"

चावडीत एकदम शांतता झाली. ही शांतता माझ्या ओळखीची होती. बांधावर उभं राहून आम्ही सगळ्यांनी हीच पाळली होती. मला वाटलं, आता सगळं इथंच बुडतं.

मग विधवा बाई बोलली. "मी हाय. माझ्या रानात तीन साल येतात." कापूस वेचणारी उठली. "माझ्या बी." मग तिची शेजारीण, मग ओढ्यापलीकडच्या घरातला एक माणूस, मग कुंभार. एकेक जण आपल्या रानाचं नाव घेऊन बोलत होता आणि प्रत्येकाचा आवाज आधीच्यापेक्षा मोठा होता. आणि अखेरीस, जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. मोठे पाटील उठले.

"साहेब, बैल जातात. माझ्या माडीवरून रान दिसतं. मी रोज बघतो." ते भावाकडं न बघता बोलले. "पाटील मी हाय. हे आधी मी सांगायला पाहिजे होतं."

अमीनसाहेबांनी धाकल्या पाटलांकडून तिथंच मुचलका लिहून घेतला, म्हणजे यापुढं कोणाला तकलीफ देणार नाही, दिली तर खटला चालेल, अशी लेखी हमी. त्यांनी सही केली. साहेब जाताना आत्याबाईंना म्हणाले, "माई, तुम वकील हो जाती तो हमारी मुश्किल थी."

कायद्याचं काम झालं, पण ज्वारी गेली ती गेलीच होती. त्याचं काय, म्हणून मोठ्या पाटलांनी पिंपळाच्या पारावर गावाची बैठक बसवली. बायांना पहिल्यांदाच बोलावणं. भरपाई काय घ्यायची यावर पुष्कळ बोलणं झालं. कोणी म्हणे धान्य, कोणी म्हणे कडबा. आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बैलांनी खाल्लं, तर बैलांनीच राबावं. उन्हाळ्यात आमच्या रानाला वखर धरावा. आधी या बाईच्या रानाला, तिला बैल न्हाईत."

पार हसला, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. सगळ्यांना ते पटलं. तिथंच नियम ठरला. कोणाचंही जनावर असो, ज्यानं खाल्लं त्यानं त्या रानाची सेवा करायची. कोंडवाडा नंतर, आधी पार.

उन्हाळ्यात तो दिवस आला. धाकल्या पाटलांनी गड्याला पाठवलं असतं, पण ही जोडी ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. म्हणून स्वतःच आले. सगळं गाव बांधावर. पटात वाऱ्यासारखे पळणारे ते बैल वखराला जुंपले तर वाकडेतिकडे निघाले. धाकले पाटील घामानं निथळत त्यांना सरळ करत होते. पोरं हसली तशी आत्याबाईंनी त्यांना हुसकलं. हळूहळू बैलांना चाल सापडली. माती उलटत गेली, काळी, लोण्यासारखी. विधवा बाई बांधावर बसून बघत होती. तिच्या रानाला असे बैल कधी लागले नव्हते. ती रडत होती आणि हसतही होती.

दुपारी आत्याबाईंनी भाकरी, ठेचा आणि कांदा पाठवला. मी घेऊन गेले. धाकले पाटील बाभळीखाली बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भाकरी मात्र घेतली आणि खाऊन झाल्यावर म्हणाले, "आणखी एक हाय का?"

पुढच्या हंगामात नियम मोडला तो आमच्याच घरानं. आमची मेंढरं पुन्हा हरभऱ्यात शिरली, तीही धाकल्या पाटलाच्याच. आम्ही पारावर जाऊन उभे राहिलो. मला वाटलं, आता हा माणूस मुचलक्याचा सगळा राग काढणार. ते मात्र म्हणाले, "मेंढरं माझ्या रानात बसवा. काढणी झाल्यावर. लेंड्यांचं खत पडू दे." आणि मग आवाज खाली घेऊन, "बराबर हाय ना हे?" सासरे म्हणाले, "बराबर हाय, मालक." काढणीनंतर आमचा मेंढरांचा वाडा त्यांच्या रानात बसला.

निजामी अंमल संपला त्या वर्षापर्यंत पारावर अशी पुष्कळ भांडणं आली आणि मिटली. पुष्कळदा न्याय द्यायला आत्याबाईंना बसवलं जाई आणि त्या म्हणत, "सुनेला बी बोलवा, तिनं कासरा धरला होता."

एकदा शिरड शहापूरहून माझा भाऊ आला. त्यांच्या गावात एक जण दारू पिऊन पाणवठ्यावर बायांना दगड मारत असे. गावाला काही सुचत नव्हतं. भाऊ म्हणाला, "तुमच्या गावानं पाटलाला सरळ केलं म्हणं. कसं केलं ते आमच्या बायांना सांगायला येता का?"

आत्याबाई तेव्हा बऱ्याच थकल्या होत्या. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी भावाला गूळपाणी दिलं, पुन्हा पुन्हा विचारून सगळी हकिकत ऐकून घेतली. मग मला म्हणाल्या, "चार भाकरी बांध. तिकडच्या वाटेवर आपल्याला खायला लागतील."